पाटी नवी, हात तोच

धुळ्यातल्या एका जुन्या खाणावळीला नवं रूप द्यायचं ठरलं. मालकांच्या मुलाला इंग्रजी नाव आणि नवा लोगो हवा होता. पेंटरकाकांनी फ्लेक्स उतरवला, तर मागे पत्र्याची मूळ पाटी तशीच होती. पिवळ्यावर लाल, ब्रशनं रंगवलेली अक्षरं. रंगाचे पोपडे निघाले होते, तरी अक्षरांची ऐट शाबूत होती. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, हेच ठेवू."

मग मी समोरून सरळ फोटो घेतला. त्याच्या मोठ्या प्रिंटवर बटर पेपर ठेवून अक्षरांची कड पेन्सिलीनं उतरवली. फाँटमधला 'न' दर वेळी सारखाच येतो. ब्रशच्या हातात दाब बदलतो, तशी जाडी बदलते. संगणकावर घेताना ती जाडी जपली. वेलांट्यांच्या पोटातली जागा तेवढी वाढवली, कारण रस्त्यापलीकडून त्या बुजतात. इंग्रजी नाव खाली, लहान अक्षरांत गेलं. २०२२च्या दुरुस्तीपासून राज्यात १०पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत.

जास्त वेळ मेनूकार्डानं घेतला. पंजाबी आणि चायनीजच्या गर्दीत शेवभाजी चौथ्या पानावर गेली होती. ती पहिल्या पानावर आली; सोबत पाटोडीची रस्सा भाजी, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी. भरिताला हिवाळ्याचं वेगळं कार्ड मिळालं, कारण भरिताची वांगी थंडीतच खरी लागतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यावर अभिमानानं छापलं.

पार्सलचा विचार आचाऱ्यानं मांडला. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला यांच्या रश्श्यात शेव आधीच पडली, तर घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो. म्हणून शेवेची पुडी वेगळी, आणि डब्यावर ठळक ओळ: 'शेव जेवताना घाला.' सगळ्या कामात मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटली. ती चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवातून आली होती.

पाटी चढली त्या दिवशी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं दारातून विचारलं, "तेच शे ना, भाऊ?" होकार मिळताच ते आत आले.

जुन्या गिऱ्हाइकानं निर्धास्त आत यावं आणि नव्याला काय मागवावं ते कळावं, एवढं साधलं की नव्या रूपावरचा खर्च सार्थकी लागतो.