भरपाईतला आगंतुक वाटेकरी

मुकुटबनच्या रस्त्यांवर कोळशाच्या नि सिमेंटच्या ट्रकांची वर्दळ असते. अशा भागात अपघात झाला की कधी कधी नातलगांच्या आधी एजंटच दवाखान्यात हजर! 'केस आम्ही पाहू, भरपाईतले अमुक टक्के द्या,' म्हणत तो कोऱ्या कागदावर सही मागतो. माझं स्पष्ट मत आहे, ती सही करू नये. दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांनासुद्धा बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. मग एजंटाचा हक्क कुठला?

मोटार वाहन कायद्यातले नवे नियम 1 एप्रिल 2022पासून लागू आहेत. त्यानुसार पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो अहवालच दाव्याचा अर्ज मानला जातो. ट्रक परप्रांतातला असला, तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

कलम 164खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की कलम 166चा मोठा दावा संपतो. घरातला कमावता माणूस गेला असेल, तर त्याचं वय, कमाई आणि अवलंबून असलेली माणसं यांचा हिशेब आधी मांडावा.

कायद्यातली मुदत सहा महिन्यांची. केवळ उशिरासाठी दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025मध्ये दिला खरा. तरी त्यावर विसंबू नये. एफआयआरची प्रत, दवाखान्याची बिलं आणि पगाराचा कागद पहिल्याच आठवड्यात एका पिशवीत ठेवावा.