हायब्रिड कार किती वर्षं टिकते?

बॅटरीची हमी : टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस आणि मारुती ग्रँड विटारा (स्ट्राँग हायब्रिड) – ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी पूर्ण होईल ते.

हमीनंतर : बॅटरी लगेच निकामी होत नाही. यंत्रणा ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही; म्हणून झीज हळू होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पहिल्या पिढीतली टोयोटाची एक प्रियस हायब्रिड टॅक्सी ३ लाख किमीहून अधिक धावली.

घाटात : आंबा किंवा करूळ घाट उतरताना मोटरच वेग आवरते, वीज बॅटरीत परतते, ब्रेक पॅड कमी झिजतात.

शत्रू : उष्णता, धूळ, पाणी. बॅटरीच्या हवेची जाळी सामानाने झाकू नका, फिल्टर वेळेवर साफ करा. पंचगंगेच्या पुरात बुडालेली गाडी सुरू करू नका. ती टो करूनच सर्व्हिस सेंटरला न्या.

कागदोपत्री : नव्या खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. पुढे आरटीओत तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण.

जुनी घेताना : बॅटरीचा तपासणी अहवाल आणि सर्व्हिसची नोंद मागाच.