काही होत नसतानाची तपासणी

‘मला काही होत नाही, मग तपासायचं कशाला?’ गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायकांच्या भाषेत ‘पिशवीच्या तोंडाच्या’ कॅन्सरची तपासणी म्हटलं की हे उत्तर ठरलेलं. पण ही तपासणी काही होत नसतानाच सर्वांत उपयोगी पडते.

या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात मात्र ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलतात आणि त्या बदलांचा कॅन्सर व्हायला सहसा 10 ते 20 वर्षं लागतात. एवढी सवड देणारे कॅन्सर थोडेच. तरीही भारतात दरवर्षी 75 हजारांहून अधिक बायका त्यानं दगावतात, हे सहन होण्यासारखं नाही.

यावर काय करता येतं, ते बार्शीनं दाखवलं. 1987मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतले रुग्ण मोजायचे होते, पण नुसत्या इस्पितळाच्या कागदांवर भागण्यासारखं नव्हतं. कितीतरी आजारी माणसं तिथवर पोचतच नव्हती. मग कर्मचारी गावोगाव फिरले आणि फिरताना लक्षणंही सांगू लागले: दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं. काही वर्षांत बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नवं यंत्र आलं नव्हतं. कुणीतरी दारात येऊन बोललं होतं, इतकंच.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, तिथं पुढच्या 8 वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरिअलनं याहून साधा उपाय वापरला. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं; बदललेला भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे इथं नीट सांगायला हवं. पुढे आणखी तपासण्या होतात, आणि कॅन्सरच्या आधीचे बदल सापडलेच तर तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन काही मिनिटांत नष्ट करता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते. कॅन्सर झालाच, तर सुरुवातीला शस्त्रक्रिया पुरते. उशीर झाला की रेडिएशन आणि केमोथेरपीचे आठवडे मोजावे लागतात.

मुलींसाठी लसही आहे. 2022पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लसीलाही मान्यता आहे. पण लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवू नये.

तपासणीऐवजी नुसती कॅन्सरची भीती पोचली की काय होतं, तेही दिसलं आहे. 2019मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगण्यात आलं होतं. त्या भीतीपोटी त्यांनी कर्ज काढून ऑपरेशन करून घेतलं आणि पुन्हा उसाच्या फडात उभ्या राहिल्या.