'मुलकी सत्तेच्या साहाय्यार्थ' म्हणजे काय?

दंगल हाताबाहेर गेली आणि लष्कर आले की कलेक्टरचे राज्य संपले, असा आपल्यातल्या अनेकांचा समज असतो. वर्गात हा प्रश्न टाकला तर पोरांचे उत्तरही बहुधा हेच. कायदा मात्र वेगळे सांगतो.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 130 वे कलम आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील 149 वे कलम यांचा गाभा एकच आहे. बेकायदा जमाव दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पांगत नसेल, तर दंडाधिकाऱ्याने लष्कराला पाचारण करायचे. जमाव पांगवायचा की नाही हे दंडाधिकारी ठरवणार. कसा पांगवायचा ते लष्करी अधिकारी ठरवणार, आणि तेही कमीत कमी बळ वापरून. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल, तरच अधिकाऱ्याला स्वतःहून पाऊल उचलता येते. संपर्क साधता येऊ लागला की पुन्हा दंडाधिकाऱ्याचीच आज्ञा. म्हणजे लष्कर मदतीला येते, मालक म्हणून नव्हे.

ही घडी 1958 च्या सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायद्याने विसकटली. 'अशांत' ठरविलेल्या प्रदेशात ठरावीक परिस्थितीत हवालदारालाही इशारा देऊन, प्राण जाईपर्यंत गोळी चालवता येते. दंडाधिकारी तिथे लागत नाही. शब्द मात्र तेच ठेवले: 'मुलकी सत्तेच्या साहाय्यार्थ'. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. पण साहाय्य म्हटले की जिला साहाय्य करायचे ती सत्ता जागेवर असलीच पाहिजे, लष्कराने तिची जागा घ्यायची नाही, हेही बजावले.

कागदावरचे हे सहकार्य प्रत्यक्षात काय असते, ते नागालँडच्या मोन जिल्ह्यात दिसले. 4 डिसेंबर 2021 रोजी ओटिंग गावाजवळ लष्कराच्या विशेष तुकडीने कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या सहा मजुरांना ठार केले. चुकीची ओळख, असे कारण दिले गेले. त्यानंतर उसळलेल्या संघर्षात आणखी सात गावकरी मेले, एक जवानही; दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एक नागरिक. पोलिसांनी स्वतः नोंदवलेल्या फिर्यादीत एक गोष्ट ठळक आहे: कारवाईच्या वेळी पोलिसांचा वाटाड्या सोबत नव्हता, आणि तो मागितलाही नव्हता. माझ्या मते सगळे मर्म याच ओळीत आहे. स्थानिक शिपायाला आपल्या भागातली माणसे ठाऊक असतात. मजूर कोण, बंडखोर कोण, हे त्याला बाहेरच्या तुकडीपेक्षा लवकर कळते. त्याला वगळले की 'साहाय्य' कोणाला चालले होते, हा प्रश्न उरतो.

राज्य पोलिसांनी 2022 मध्ये एका मेजरसह 30 जणांवर आरोपपत्र ठेवले. पण या कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे खटल्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. 2023 मध्ये ती नाकारली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. पुढे कधी परवानगी मिळाली तर खटला चालू शकेल, एवढी वाट तेवढी मोकळी ठेवली.