मिक्सरच्या मागची हिरवी वायर

लग्नसराई लागली की तळोद्याहून अक्कलकुव्याकडे, शहाद्याकडे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर म्युझिकल बँडच्या गाड्या धावू लागतात. गाडीवर रचलेले स्पीकर, मागे जनरेटर, मधल्या जागेत कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माइक धरलेला गायक. टिमली नाचाच्या ठेक्यावर अख्खं गाव नाचतं. होळीच्या आगेमागे सोंगाड्या पार्टीचे रात्रभर चालणारे खेळ, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तळोद्यातली कालिकामातेची यात्रा, पावसाळ्यात गणपती, मग नवरात्र. या सगळ्या गाण्याबजावण्याचा आवाज एकाच यंत्रातून जातो. ते यंत्र म्हणजे मिक्सर.

मिक्सरवर प्रत्येक माइकसाठी, प्रत्येक वाद्यासाठी बटणांची एक उभी रांग असते. वर गेन, खाली ट्रेबल-मिड-बेस, मग मॉनिटरचा ऑक्स आणि तळाशी सरकता फेडर. माइकमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो शेकडो पटींनी वाढवायचा, बाकीच्या आवाजांशी त्याचा मेळ घालायचा आणि अॅम्प्लिफायरकडे पाठवायचा, हे मिक्सरचं काम. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी याच कामात हयात घालवली आणि ‘शोले’सारख्या चित्रपटांचं ध्वनिमिश्रण केलं. स्टुडिओतला मिक्सर मात्र एका जागी बसलेला असतो. त्याचं वायरिंग आणि अर्थिंग एकदा नीट झालं की वर्षानुवर्षं टिकतं. तळोद्याच्या साउंडवाल्याचा मिक्सर रोज नव्या गावात, नव्या जमिनीवर आणि नव्या मीटरवर लागतो. म्हणून त्याला अर्थिंगचा, म्हणजे मिक्सरच्या मागच्या हिरव्या वायरीचा, विचारही रोज नव्याने करावा लागतो, आणि घाईगर्दीत नेमका तोच राहून जातो.

सगळ्यांची बॉडी एक

माइकच्या केबलमध्ये सिग्नलच्या तारांभोवती जाळीदार शील्ड असते. ती एका टोकाला माइकच्या धातूच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाला मिक्सरच्या बॉडीला जोडलेली असते. कीबोर्ड, लॅपटॉप, अॅम्प्लिफायर यांच्या केबलींचंही तसंच. म्हणजे स्टेजवरच्या सगळ्या धातूच्या पेट्या मिक्सरमधून एकमेकींना जोडल्या जातात. कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये फेजची वायर बॉडीला टेकली, तर तो करंट शील्डवाटे मिक्सरमध्ये आणि मिक्सरमधून गायकाच्या ओठाशी असलेल्या माइकच्या जाळीपर्यंत पोचतो. बिघाड एकीकडे, झटका दुसरीकडे. मिक्सरच्या अर्थिंगवर सगळ्या स्टेजचा जीव अवलंबून असतो तो यामुळे.

माइक ओठाला लागला की चिमटा बसल्यासारखं होतं, ही तक्रार गायकांच्या तोंडी नेहमी असते. त्याचं कारण ठरलेलं आहे. आजच्या बहुतेक मिक्सरमध्ये आणि कीबोर्डच्या अडॅप्टरमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. आवाजातली खरखर गाळण्यासाठी त्यात दोन छोटे कपॅसिटर बसवतात: एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यातून झिरपणारा करंट मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी दोन्हींच्या मधोमध, 230 च्या निम्म्यावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. टेस्टर लावला की माइकच्या जाळीवरसुद्धा त्यातला छोटा दिवा मिणमिणतो.

हा करंट मिलिअँपच्याही काही अंशांचा असतो, त्याने सहसा इजा होत नाही. पण चार-पाच उपकरणं एकत्र जोडली की सगळ्यांचा झिरपणारा करंट मिळून वाढतो. शिवाय त्या चिमट्याचा अर्थ एवढाच, की अर्थिंग नाही. उद्या खरोखर फेज बॉडीला टेकला तर त्याला वाट गायकाच्या अंगातूनच मिळणार. घामेजलेला हात, ओली जमीन आणि अनवाणी पाय असतील तर अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्टला हजाराने भागलं की 230 मिलिअँप येतात. हृदयाची लय बिघडवायला याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. चार वर्षांनी ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी, अर्थिंग नीट नसलेली गिटार वाजवताना गेला. दोघेही वाजवणारे-गाणारे होते. धातूला अंग लावून उभा असतो तो कलाकार, आणि त्याचा जीव वायरी जोडणाऱ्याच्या हातात असतो.

काळी माती आणि काळा दगड

अर्थिंग म्हणजे बॉडीतला चुकार करंट जमिनीत उतरवण्याची खात्रीची वाट. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 3043 या संहितेत तिचे नियम आहेत. गावाकडे रूढ पद्धत नळीच्या अर्थिंगची: खड्डा खणून साधारण अडीच मीटरची जीआय पाइप उभी पुरायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, वरून पाणी सोडायला नरसाळं ठेवायचं.

तळोदा तालुक्यात ही गोष्ट गावागणिक बदलते. तापीच्या बाजूच्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग झकास लागतं, कारण ओली काळी माती करंट सहज वाहून नेते. पण लग्नं असतात एप्रिल-मेमध्ये. पारा चाळिशी ओलांडतो, जमिनीला भेगा पडतात आणि माती पाइपपासून सुटून दूर होते. उत्तरेला डोंगराकडे जावं तसा मुरूम लागतो, खाली काळा बेसॉल्ट. तिथे सळई फूटभरसुद्धा आत जात नाही. अशा ठिकाणी विहिरीजवळची किंवा नाल्याकाठची ओल धरलेली जागा शोधायची, एकीऐवजी दोन-तीन सळया एकमेकींपासून लांब ठोकून जाड तारेने जोडायच्या आणि कार्यक्रमाआधी भरपूर पाणी घालायचं.

इतकं करूनही नुसत्या सळईवर विसंबता येत नाही, आणि हे गणित प्रत्येक साउंडवाल्याला पाठ असायला हवं. समजा वाटेचा एकूण रोध 20 ओहम आहे. फेज बॉडीला टेकल्यावर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँप करंट जमिनीत जाईल. बोर्डावरची एमसीबी 16 अँपची असेल तर ती पडणारच नाही, आणि बॉडीवर जीवघेणा दाब तसाच राहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला 30 मिलिअँपची आरसीसीबी हवीच. फेजवाटे गेलेला करंट न्यूट्रलवाटे पूर्ण परत येतो का, हे ती सतत ताडून पाहते. 30 मिलिअँपचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडते. साउंडच्या मुख्य बोर्डावर ती कायमची बसवून घेतली, की बोर्ड ज्या गावाला जाईल तिथे ती सोबत जाते.

प्लग लावण्याआधी

मंडपात पोचल्यावर पहिलं काम वीज तपासण्याचं. मल्टिमीटर सॉकेटवर लावायचा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत, असं आलं तर पुढे जायचं. फेज-अर्थमध्ये निम्मंच दिसलं तर तिसऱ्या भोकाला काहीच जोडलेलं नाही असं समजावं. थ्री फेज घेतली असेल आणि न्यूट्रल ढिला असेल तर एखाद्या फेजवरचा दाब 400 व्होल्टकडे सरकतो आणि मिक्सरचा सप्लाय जळतो. त्यामुळे न्यूट्रलचा स्क्रू घट्ट आवळलेला आहे हे पाहिल्याशिवाय मेन चालू करू द्यायचा नाही. आकडा टाकून घेतलेल्या विजेला तर अर्थिंगही नसतं आणि नीट न्यूट्रलही नसतो. महावितरणची तात्पुरती जोडणी घेणं हाच सरळ मार्ग.

मीटर करंट वाहून नेण्याची ताकद दाखवत नाही, म्हणून जुने वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहतात. लख्ख पेटला तर वाट मोकळी आहे. पण वाट पुढे कुठे तुटलेली असेल तर त्या बल्बमधूनच फेज सगळ्या बॉड्यांवर चढतो. त्यामुळे ही तपासणी परवानाधारक वायरमननेच आणि कोणतंही उपकरण जोडण्याआधी करायची.

चालत्या गाडीला जमिनीत सळई ठोकता येत नाही. तिथे जनरेटरची फ्रेम, गाडीची चासी आणि सगळ्या उपकरणांच्या बॉड्या जाड तारेने एकत्र बांधायच्या आणि जनरेटरचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच त्या फ्रेमला जोडायचा. ही जोडणी नसेल तर बिघाडाचा करंट परतायला वाटच उरत नाही आणि आरसीसीबी नुसती शोभेला राहते.

घुंईचा मोह

आता खरी अडचण. सगळं अर्थिंग नीट जोडलं की अनेकदा स्पीकरमधून घुंई असा आवाज सुरू होतो. आपल्या विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ. घुंई तिचीच आणि तिच्या दुपटीची असते. मिक्सर मैदानाच्या मध्यावर एका घरच्या बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर स्टेजमागे दुसऱ्या बोर्डावर लावला असेल, तर दोन अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. त्या फरकाने केबलच्या शील्डमधून करंट वाहतो आणि तोच ऐकू येतो. अशा वेळी कुणीतरी थ्री पिनची जाडी पिन काढून टाकतं किंवा टू पिनचा कन्व्हर्टर लावतं. घुंई गप्प होते, सगळे खूश होतात आणि गायकाचं संरक्षण गेलेलं असतं. प्लगमधली ती पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवतात ती मुद्दाम, सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.

घुंई घालवायची ती सिग्नलच्या वायरीत, विजेच्या वायरीत नाही. मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि स्टेजवरची वाद्यं एकाच मुख्य बोर्डावरून चालवायची; मिक्सरसाठी वीज स्टेजवरूनच मल्टिकोर केबलसोबत आणायची, पण थोडं अंतर राखून. लाइट आणि डिमर वेगळ्या फेजवर, अर्थिंग मात्र सगळ्यांचं एकच. शक्य तिथे बॅलन्स्ड केबल वापरायची: एक्सएलआरच्या पिन 1 ला शील्ड, 2 आणि 3 वर उलटसुलट सिग्नल, म्हणजे वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखा येतो आणि मिक्सरमध्ये वजा होतो. कीबोर्डला डीआय बॉक्स लावून त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबायचा. तो फक्त सिग्नलची शील्ड तोडतो, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हा धडा उशिराच मिळाला. नील मन्सी या अभियंत्याने 1995 मध्ये दाखवून दिलं, की अनेक उपकरणांत पिन 1 थेट बॉडीला न जोडता आतल्या सर्किटला जोडलेली असते, म्हणून शील्डमधला गोंगाट आवाजात शिरतो. त्यावर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस 48 हे मानक 2005 मध्ये आलं. मिक्सर निवडताना फेडरच्या संख्येइतकंच हेही पाहावं.

सगळं जोडून झालं की फेडर खाली, मग आधी मिक्सर चालू आणि शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना उलटा क्रम. कंडेन्सर माइकला लागणारा 48 व्होल्टचा फँटम द्यायचा तो फेडर खाली असतानाच.

या सगळ्याला लागणारा खर्च एका स्पीकरच्या खर्चापुढे किरकोळ आहे. दरवर्षी ज्या चौकात, शाळेच्या मैदानात किंवा देवळापुढे कार्यक्रम होतात तिथे ग्रामपंचायतीने एक पक्का अर्थिंगचा खड्डा करून ठेवावा आणि भर उन्हाळ्यात तो तपासून घ्यावा. सुपारी ठरवताना यजमानाने स्पीकर किती एवढंच न विचारता आरसीसीबी आहे का, हेही विचारावं. आणि गायकाने माइक हातात घेण्याआधी अर्थिंग कुठे आहे, असं बेधडक विचारावं; साउंडवाल्याने त्याला जागेवर नेऊन सळईवर आवळलेली वायर दाखवावी. दाखवता येत नसेल, तर ती ठोकून होईपर्यंत गाणं थांबवण्याचा त्या गायकाला पूर्ण अधिकार आहे.