हवेवर तोललेली गाडी आणि तिचे शॉक ॲब्सॉर्बर

आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस काट्याचा स्वभाव ठाऊक असतो. पारड्यात माल पडला की दांडी काही काळ हेलकावे खाते. माल तोलणे हे एक काम आणि हेलकावा शमविणे हे दुसरे. मोटारीतही ही दोन कामे निरनिराळ्या भागांकडे असतात. भार स्प्रिंग पेलते. हेलकावा शॉक ॲब्सॉर्बर शमवितो. त्यातील दट्ट्या तेलात वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि गतीची उष्णता होऊन गाडी स्थिरावते.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेली रबरी पिशवी असते. कॉम्प्रेसर तीत हवा भरतो आणि भार वाढला तरी गाडीची उंची कायम राखली जाते. मर्सिडीजने १९६१ साली आपल्या ३०० एसई गाडीत ही योजना आणली. आपल्याकडे २००१ पासून धावू लागलेल्या व्होल्व्हो बसमुळे तिचे सुख सामान्य प्रवाशासही कळले. आता अशा मोटारी, पुष्कळदा जुन्या बाजारातून, आपल्याही घरी येत आहेत. त्यांची दुरुस्ती महाग असते. म्हणून दोष कोणाचा हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली आढळली, तर दोष बहुधा हवेच्या गळतीचा असतो. पिशवीवर व नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. उलट, उंची ठीक असून खड्ड्यानंतर गाडी वारंवार डोलत असेल, किंवा शॉक ॲब्सॉर्बरवर तेल ओघळले असेल, तर तो भाग बदलावा. आमच्या गाडीस एका कारखान्याने चारही भाग बदलण्याचा हिशेब दिला होता. साबणाच्या पाण्याने गळती एका जोडावरच निघाली.

निवड करताना मापावर भागत नाही. पुष्कळ गाड्यांत पिशवी व शॉक ॲब्सॉर्बर मिळून एकच भाग असतो. बीएमडब्ल्यू एक्स-५ च्या दुसऱ्या पिढीत मागील बाजूस ते वेगळे आहेत. वेगळे असतील तेथे सुट्या शॉक ॲब्सॉर्बरनेच काम होते. त्याची लांबी मूळच्याइतकीच हवी. अधिक लांब असल्यास पिशवी प्रमाणाबाहेर ताणली जाते. विजेच्या तारेने नियंत्रित होणाऱ्या जागी साधा नग बसविल्यास गाडीतील संगणक दोष दाखवितो. म्हणून चासी नंबर सांगूनच माल मागवावा, आणि एका आसावरील दोन्ही नग एकदम बदलावेत.

बसविताना गाडी स्टँडवर घट्ट टेकवून, यंत्रणेतील हवा सोडल्यावाचून नळीस हात लावू नये. काम झाल्यावर रिकाम्या पिशवीवर गाडीचा भार टाकू नये. आधी हवा भरावी, म्हणजे रबराची घडी चिरडत नाही. रबरी बुशांचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर असतानाच आवळावेत. लोंबत्या चाकावर आवळल्यास बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. शेवटी उंची व चाकांचे अलाइनमेंट तपासावे.

बसलेली गाडी तशीच चालवू नये. गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर अखंड राबतो आणि जळतो. लहान गळतीचा मोठा खर्च होतो. डोलणारी गाडी मात्र त्याहून धोक्याची, कारण ब्रेक दाबला असता तिची चाके रस्त्यास घट्ट धरून राहत नाहीत. तिच्यात आपलीच मुलेबाळे बसतात, हे व्यापारीबंधूंनी ध्यानी ठेवावे.