आवाज येतो पण चित्र नाही! एलईडी, क्यूएलईडी की ओएलईडी, घरासाठी कोणता टीव्ही घ्यावा?

सप्टेंबरच्या शेवटी अंजनगाव सुर्जीहून आईचा फोन आला. "टीव्हीचा आवाज येऊन रायला, पण चित्र काही दिसत नाही. दुकानवाला म्हणते पॅनल गेलं, नवीनच घ्या." मी पुण्यात. म्हटलं, खोलीतला लाइट बंद कर, मोबाइलचा टॉर्च लाव आणि टीव्ही चालू ठेवून स्क्रीनजवळ तिरका धर. थोड्या वेळाने ती ओरडलीच, "अरे, हायेत ना आत! बाया दिसून रायल्या, अंधारात उभ्या असल्यासारख्या."

म्हणजे पॅनल शाबूत होतं, मागची बॅकलाइट गेली होती. गावातल्याच मेकॅनिकने एलईडीच्या पट्ट्या बदलल्या आणि दीड हजारात काम झालं. तुमच्या घरी असं झालं तर आधी हा प्रयोग करा. कोणता टीव्ही घ्यावा हे समजून घ्यायलाही हाच प्रयोग कामाचा आहे, कारण सगळा फरक एका प्रश्नात आहे: उजेड येतो कुठून?

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडी टीव्ही असतो. त्याच्या पॅनलमधले लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाहीत. ते लाखो बारीक झडपांसारखं काम करतात. मागून येणारा उजेड कुठे जाऊ द्यायचा, कुठे अडवायचा एवढंच. पूर्वी मागे बारीक ट्यूब असायच्या, नंतर त्या जागी एलईडी आले आणि कंपन्यांनी टीव्हीचं नावच बदललं. दिव्याचं नाव घराला दिल्यासारखं झालं ते.

या झडपा कितीही बंद केल्या तरी थोडा उजेड गळतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीवरचा काळा रंग राखाडी दिसतो.

आता क्यूएलईडी. दुकानात हे नाव ऐकलं की ती पुढची पिढी वाटते. इंग्रजीत लिहिलं की क्यूएलईडी आणि ओएलईडीत फक्त एका शेपटीचा फरक दिसतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. सॅमसंगने २०१७ मध्ये हे नाव रूढ केलं. आत मात्र तोच एलसीडी आहे, तीच बॅकलाइट आहे. मध्ये फक्त क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर असतो. निळा उजेड त्यावर पडला की मोठा कण लाल प्रकाश देतो, लहान कण हिरवा. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंग खरंच जास्त शुद्ध होतात. पण काळा रंग? झडपा त्याच, गळतीही तीच.

ओएलईडी हे वेगळं प्रकरण आहे. यात बॅकलाइट नाहीच, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळं दाखवायचं असेल तर पिक्सेल सरळ बंद. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये याचा पाया घालणारा शोधनिबंध लिहिला, आणि २०१३ मध्ये एलजीचा ५५ इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आला. तुमच्या हातातल्या फोनवर अ‍ॅमोलेड लिहिलं असेल तर तुम्ही हेच तंत्र रोज वापरताय. रात्री लाइट बंद करून पूर्ण काळा फोटो उघडा आणि ब्राइटनेस वाढवा. अ‍ॅमोलेड असेल तर फोन अंधारात दिसेनासा होईल. एलसीडी असेल तर चौकोन चमकत राहील.

मग ओएलईडीच घ्यावा? माझा पुण्यातला रूममेट पडदे ओढून रात्री सिनेमे बघतो. त्याला मी डोळे झाकून ओएलईडी सांगेन, लाखाच्या आसपास जात असला तरी. पण घरच्यासाठी मी तो विचार सोडून दिला, आणि कारण फक्त बजेट नव्हतं.

आमची बैठक रस्त्याकडे उघडते. दिवसभर दार उघडं, संध्याकाळी डोक्यावर ट्यूबलाइट. अशा खोलीत गडद काळा रंग दिसतच नाही, दाराचं प्रतिबिंब दिसतं. शिवाय पूर्ण स्क्रीन उजळ असली, म्हणजे दिवसाच्या क्रिकेट मॅचचं मैदान वगैरे, की ओएलईडी आपला उजेड थोडा कमी करतो, कारण सगळे पिक्सेल एकदम जोरात पेटवले तर वीज आणि उष्णता फार होते.

दुसरं कारण बाबा. त्यांचं न्यूज चॅनल सकाळी सुरू होतं ते जेवणापर्यंत. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, रोज त्याच जागी. ओएलईडीमधलं सेंद्रिय रसायन वापराने झिजतं. एकाच जागी तेच चित्र शेकडो तास राहिलं तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि सिनेमा लावला तरी पट्टीची सावली दिसत राहते. यालाच बर्न-इन म्हणतात. फोनवरचं ऑलवेज-ऑन घड्याळ जागा बदलत असतं ते याचसाठी. टीव्हीतही तसे उपाय असतात, त्याने धोका कमी होतो, संपत नाही. वॉरंटी कार्डात बर्न-इनबद्दल काय लिहिलंय ते घेण्याआधी वाचा.

मधला एक पर्याय मिनी एलईडी. हाही एलसीडीच, पण मागे खूप लहान एलईडी असतात आणि ते भागाभागाने मंद करता येतात. उजेडाच्या खोलीसाठी आणि मोठ्या बजेटसाठी मला हाच आवडतो. मात्र असे किती भाग आहेत ते विचारा. कमी असतील तर काळ्या पडद्यावरच्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं.

बॉक्सवर न लिहिलेली गोष्ट

एलसीडी पॅनल मुख्यतः दोन प्रकारचं असतं, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये पांढरा रंग काळ्यापेक्षा साधारण ३,००० ते ५,००० पट उजळ असतो, आयपीएसमध्ये १,००० पट. आकडे बघून कोणीही व्हीए घेईल. पण व्हीए बाजूने पाहिला की रंग फिके पडतात, आयपीएस बराच टिकून राहतो.

आमच्याकडे बाबा दिवाणावर आडवे होऊन बघतात, आई स्वयंपाकघराच्या दारातून, आणि पाहुणे आले की पोरं सतरंजीवर. टीव्ही शोकेसच्या वर टांगलेला, म्हणजे पोरं खालून बघणार. समोर बसून बघणारं कोणीच नाही! ट्यूबलाइटमुळे काळ्या रंगाचा फायदा आधीच गेलेला. त्यामुळे आमच्यासाठी साधा आयपीएस एलईडी हा महागड्या व्हीए क्यूएलईडीपेक्षा बरा.

दिवाळीत बाबांसोबत अमरावतीला गेलो. ३० हजारांच्या वर जायचं नाही, हे घरीच ठरलेलं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेवढाच आधार. पेनड्राइव्हवर एक काळा फोटो, एक पांढरा फोटो आणि एक बातम्यांचा व्हिडिओ नेला होता. "भाऊ, डेमो मोड बंद करा, स्टँडर्डवर लावा," म्हटल्यावर दुकानदार जरा नाराज झाला, पण त्याने लावलं. मग मी बाजूला जाऊन, खाली बसून बघितलं. बाबा म्हणाले, "मले का समजते त्यातलं, तू म्हणशीन तसं." पण खाली बसून बघितल्यावर क्यूएलईडीवरचा चेहरा फिका पडला, तो त्यांनीच आधी ओळखला.

४के आहे म्हणून सगळं स्पष्ट दिसेल असंही नाही. डीडी फ्री डिशवरचं साधं एसडी चॅनल ७२० × ५७६ पिक्सेलचं असतं, ४के स्क्रीन ३८४० × २१६० ची. म्हणजे मूळच्या एका पिक्सेलमधून टीव्हीला २० बनवायचे असतात. म्हणून ५५ इंचीचा मोह सोडून ४३ इंची घेतला.

घरी आल्यावर पहिलं काम सेटिंगचं. व्हिव्हिड मोडमध्ये बॅकलाइट बहुधा १०० वर असते. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. वर पूर्ण जोरात पेटलेले एलईडी. आमच्या जुन्या पट्ट्या अशाच गेल्या असाव्यात. बॅकलाइट ५० ते ६० वर आणा. काही मॉडेलमध्ये 'ब्राइटनेस' नावाचं सेटिंग फक्त काळ्या रंगाची पातळी बदलतं, दिवा तसाच राहतो, त्यामुळे 'बॅकलाइट' वेगळं शोधा. आणि कूलरची ओली हवा थेट टीव्हीवर येऊ देऊ नका.

जुना ३२ इंची आता आजीच्या खोलीत आहे, बॅकलाइट ४५ वर. तिची काही तक्रार नाही. ती मालिका तशीही ऐकतेच जास्त.